ब्रदर टॅकेटच्या पान्यातला देवदूत

चर्चमागच्या मैदानात गाड्यांची रांग थेट पुलापर्यंत गेली होती. कोणाच्या हातात बीन्स आणि कॉर्नब्रेडची ताटली, कोणाचे डोळे मिटलेले, पण कान सगळ्यांचे एकाच आवाजाकडे. आमच्या चर्चचे धर्मोपदेशक ब्रदर टॅकेट जॅकवर चढवलेल्या एकेका गाडीखाली शिरत, चाकाला स्टिअरिंगशी जोडणारा नट उघडत, त्यावर पवित्र तेल चोपडत आणि पान्याने पुन्हा आवळत. लगेच पान्यातून आवाज यायचा, टक्!

"ऐकलंत? देवदूत म्हणाला, आमेन!" ब्रदर खालूनच ओरडत. "आता सैतानाच्या बापालाही हे चाक भरकटवता यायचं नाही!"

"आमेन!" मैदान दणाणायचं.

नट सुटू नये म्हणून त्याच्या भोकात घातलेली पिन मात्र ते बादलीत फेकून देत. "देवाने धरल्यावर पिन कशाला? पिना लागतात अविश्वासू लोकांना!"

माझा धाकटा भाऊ ऑर्विल सकाळपासून रांगेत होता. बायकोला, आयव्हलीला, डायलिसिससाठी एक दिवसाआड डोंगर उतरून शहरात न्यावं लागायचं. त्या रस्त्याची त्याला धास्ती होती.

"अरे, गॅरेजात दाखव ना एकदा," मी म्हणाले.

"ताई, तुला प्रत्येकात खोटच दिसते. टक् झालेलं ऐकलंस ना?"

आयव्हलीने पिकअपच्या खिडकीतून मला हात केला आणि दोघं उताराला लागली.

मग स्टिल्टनरबाई आल्या. त्या हायस्कुलात मोटारदुरुस्ती शिकवतात. बादलीतल्या पिना बघून त्यांचा चेहरा उतरला.

"ब्रदर, तो पाना जरा द्या बघू."

"बाई, अभिषेक केलेला पाना आहे हा!"

"मी तर चर्चची पायरीही चढत नाही. माझ्या हातात वाजला नाही, तर तुमचंच खरं."

लोक हसले, त्यामुळे ब्रदरना नाही म्हणता येईना. बाईंनी नुकत्याच पावन झालेल्या गाडीच्या नटाला पाना लावला. टक्! हसू थांबलं.

"यात स्प्रिंग असते. मुठीवर जेवढा जोर ठरवून ठेवाल, तेवढा पडला की पाना वाजतो. यांनी तो सगळ्यात कमी आकड्यावर ठेवलाय. आता या गाडीला कंपनीने सांगितलेला आकडा लावते."

त्यांनी मूठ फिरवली आणि पाना ओढला. नट फिरला. आणखी फिरला.

"अजून फिरतोय की," कोणीतरी हळूच म्हणालं.

बऱ्याच वेळाने टक् झालं.

"इथपर्यंत आवळायचा. पिनेचं भोक जुळलं नाही, तर नट थोडा पुढे आवळायचा, मागे कधीच घ्यायचा नाही. आणि पिन नवी घालायची. नाहीतर हादऱ्यांनी नट सुटतो आणि स्टिअरिंग हातात नुसतं गरगर फिरतं."

तिथल्या निम्म्या पुरुषांच्या घरी अस्साच पाना भिंतीला टांगलेला आहे. सगळ्यांना तो आवाज ओळखीचा होता. एकाने तोंड उघडलं असेल तर शपथ!

मी ऑर्विलला फोन लावला, पण त्या दरीत फोन लागत नाही. बाईंनी मला गाडीत घातलं आणि आम्ही उतारावर सुटलो. ऑर्विलची पिकअप ओढ्यात उलटी पडली होती. आयव्हली गेली होती. ऑर्विल काठावर तिचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता.

"ताई, माझाच विश्वास कमी पडला गं," तो म्हणाला.

दफनाच्या वेळी ब्रदर टॅकेटनीही तेच सांगितलं, आणि लोकांनी माना डोलावल्या. मला त्या माना अजून दिसतात आणि संताप होतो.

ऑर्विल, तुझा विश्वास पुरेपूर होता रे. नट ढिला होता. एका ढोंग्याने तो ढिला ठेवला आणि सगळ्या गावाने त्याला साथ दिली. देवाला मानायचं त्याने खुशाल मानावं. पण तुमच्या गाडीखाली कोणी हात घातला, तर त्याला एवढंच विचारा, किती जोराने आवळलंस? उत्तर आकड्यात आलं नाही, तर बायकोपोरांना गाडीतून उतरवा आणि पायी घरी घेऊन जा.