पाहुण्यांच्या गटातला दरवान

मी बोलतोय. इकडे बघा, पंपघराच्या भिंतीवर चार स्क्रूंनी बसवलेला करडा डबा. मला लॉगिनचा दरवान म्हणा. कुणी कॉम्प्युटरवर नाव आणि पासवर्ड टाकला की मी मुख्य यादीला विचारतो. यादी 'सोड' म्हणाली तर सोडतो. 'नाही' म्हणाली तर साक्षात ब्रह्मदेव आला तरी सोडत नाही.

त्या यादीत आम्हा डब्यांचे गट असतात. पाणीपुरवठ्याच्या या आवारात पंपघराचा गट वेगळा, पाहुण्यांच्या खोल्यांचा वेगळा. व्हॉल्व्ह चालवायचे तर पंपघराच्या गटातूनच आत यावं लागतं. उगाच कुणी पाहुण्यांच्या खोलीत लोळत गावाचं पाणी सोडायला नको! सोय चांगलीच आहे हो, तिला नावं ठेवणार नाही.

मी सहा वर्षं पाहुण्यांच्या खोलीतच काढली. पंख्याखाली आराम होता. लोक सिनेमे बघायचे, मी बघू द्यायचो. मग पंपघरातला जुना डबा जळाला आणि नेटवर्कवाल्यानं मला उचलून त्याच्या जागी ठोकलं. "यादीतला गट नंतर बदलतो," असं म्हणून तो जेवायला गेला आणि विसरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेअकराला पंपवाल्या बाईचा फोन वाजला. तिचा धाकटा भाऊ टेकडीवरची रिकामी टाकी साफ करत होता. त्या टाकीत रोज अकराला आपोआप पाणी सुटतं.

"ताई, अजून बराच गाळ आहे गं. अकराचं पाणी थांबव."

"थांबवते. उतर तू परत आत."

तिनं पासवर्ड टाकला. मी यादीला विचारलं. उत्तर आलं: पाहुण्यांच्या गटातून हिला परवानगी नाही. मी 'नाही' म्हणालो. करणार काय?

तिनं पुन्हा टाकला. पुन्हा नाही. भावाला फोन लावला. तो नुसताच वाजत राहिला. फोन वर ठेवून तो टाकीत उतरला होता. टेकडी चढायला वीस मिनिटं लागतात आणि घड्याळात अकराला दहा कमी होते.

तिनं नेटवर्कवाल्याला गाठलं.

"पासवर्ड चुकत असेल, ताई."

"आठ वर्षं तोच टाकतेय! माझा भाऊ टाकीत आहे रे!"

त्यानं यादी उघडली. "अरे देवा! तो डबा अजून पाहुण्यांतच आहे. बदलतो, थांबा."

अकरा वाजले. टेकडीवरचा व्हॉल्व्ह ठरल्या वेळी उघडला. त्यानंतर दोन मिनिटांनी मला 'सोड' आलं. ती आत गेली आणि तिनं पाणी बंद केलं. मग ती भावाला पुन्हा पुन्हा फोन लावत राहिली.

भाऊ चालत आला. कमरेपर्यंत भिजलेला, कोपर सोललेलं. शिडीवरून दोनदा घसरला होता.

"ताई, तू थांबवते म्हणाली होतीस."

ती ओढणीनं त्याचे हात पुसत राहिली. मला ओरडून सांगावंसं वाटलं, हिचं चुकलं नाही रे! पण मला दोनच शब्द येतात.

आता मी पंपघराच्या गटात आहे. तरी हात जोडून सांगतो, बाबांनो, डबा भिंतीवरून हलवलात की लगेच यादीतही हलवा. जेवण कुठे पळून जात नाही.

महिन्याभरानं टाकी साफ करायची पाळी पुन्हा आली. या वेळी भाऊ टाकीच्या तोंडाशी फोन धरून थांबला. तिनं आधी लॉगिन केलं, अकराचं पाणी रद्द केलं, स्क्रीन दोनदा वाचली आणि मगच म्हणाली, "उतर."