मामंजी आले

मंगळवारी सकाळी रंगनाथराव शितोळे चहाचा कप घेऊन बायकोच्या खोलीत गेले, तर ती पलंगावरून ताडकन उठली, गाउनवरच्या ओढणीचा पदर करून डोक्यावर घेतला आणि भिंतीला लागून उभी राहिली.

"मामंजी, तुम्ही कशाला आणलात चहा? मला हाक मारायची," ती खाली मान घालून म्हणाली.

रंगनाथरावांनी मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं, आणि असणार तरी कुठून? हिराचे मामंजी, म्हणजे रंगनाथरावांचे वडील सीताराम शितोळे, जाऊन एकोणीस वर्षं झाली होती. हॉलमध्ये त्यांचा फोटो होता, चंदनाचा हार घातलेला.

"अगं हिरा, मी आहे."

"हो मामंजी," ती म्हणाली आणि भिंतीला आणखी चिकटली.

चहा बशीत सांडला.

हिराला विसरण्याचा आजार जडून चार वर्षं झाली होती. आधी ती गॅसवरचं दूध विसरली, मग सहकारनगरातले रस्ते, मग बंगळूरला राहणाऱ्या पोटच्या मुलीचं, कल्याणीचं नाव. पण नवऱ्याला ती एकदाही विसरली नव्हती. 'आमचे हे' एवढं एकच माणूस तिच्यापाशी शिल्लक होतं, आणि तेवढ्या बळावर रंगनाथराव बाकीचं सगळं ओढून नेत होते. तिची अंघोळ, वेणी, गोळ्या, जेवण सगळं त्यांच्या हातून चालायचं. दुसऱ्या कुणाच्या हातचा घास ती घ्यायची नाही. दिवसा मदतीला शकू यायची, पण तिनेही भरवायला घेतलं की हिरा दात मिटून बसायची.

आणि घोळ झाला तो नेमका या सेवेपायीच.

रंगनाथरावांचं वजन होतं एकशे बारा किलो. स्वारगेट डेपोत तीस वर्षं खुर्चीत बसून माइकवर सातारा-सांगलीच्या गाड्या पुकारल्या आणि पुकारता पुकारता वडापाव खाल्ले, त्याचं ते फळ होतं. गेल्या श्रावणात हिरा बाथरूममध्ये घसरली. तिला उचलायला म्हणून हे वाकले, ते तिच्या शेजारीच बसले. गुडघे उठू देईनात. शकू येईपर्यंत तासभर नवराबायको ओल्या फरशीवर बसून होती. हिराला त्यात मजा वाटली. रंगनाथरावांना मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यांनी डॉक्टर नम्रता यांचा दवाखाना गाठला. साखर होतीच. बाईंनी तपासण्या केल्या आणि आठवड्याला एक इंजेक्शन सुरू केलं, पोटाला टोचायचं. वर बजावलं, की भूक मरेल पण खाणं सोडायचं नाही. अंडी, डाळी, पनीर पोटात गेलंच पाहिजे आणि रोज व्यायाम झालाच पाहिजे. डॉक्टरांचं निम्मं ऐकायचं ही शितोळ्यांची जुनी रीत. रंगनाथरावांनी इंजेक्शनाचा रविवार एकदाही चुकवला नाही आणि अंड्याला शिवले नाहीत. दोन घास भाकरी खाल्ली की पोट भरायचं. त्यांना वाटलं, छान, स्वस्तात काम झालं. नऊ महिन्यांत तेहतीस किलो उतरले.

काम झालंही. त्यांनी हिराला पहिल्यांदा उचलून खुर्चीत बसवलं, तेव्हा ते इतके खूश झाले की तिला उगाचच पुन्हा उचलून पलंगावर ठेवलं.

चौथ्या महिन्यापासून केस जायला लागले. रंगनाथरावांचे केस म्हणजे डेपोतली एक प्रसिद्ध गोष्ट होती, दाट, कुरळे, पासष्टीतही अर्धे काळे. ते आधी उशीवर दिसू लागले, मग टॉवेलवर, मग आमटीत. "काका, आता तुम्ही येत जाऊ नका. मीच येईन कधीतरी भेटायला," कोपऱ्यावरचा संभाजी न्हावी म्हणाला. गाल आत गेले आणि त्यांची रिकामी कातडी जबड्याखाली लोंबू लागली. डॉक्टरीणबाई चिडल्या. "वजन असं भरभर उतरलं आणि पोटात काही गेलं नाही, की शरीर आधी केसांवर पाणी सोडतं," त्या म्हणाल्या. "नीट जेवलात तर बहुतेक परत येतील, पण सहा-आठ महिने धीर धरा. चेहऱ्याच्या कातडीचं मात्र या वयात मी सांगू शकत नाही."

रंगनाथरावांना त्याचं काही वाटलं नाही. सहासष्टाव्या वर्षी चेहरा दाखवायचाय कुणाला? दाखवायचा होता तो एकाच माणसाला, आणि तेवढंच त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

मंगळवारी चहा तसाच ठेवून ते हॉलमध्ये गेले. वडिलांच्या, अण्णांच्या फोटोच्या काचेत त्यांचा चेहरा पडला होता. तेच बसलेले गाल होते, तेच टक्कल, गळ्याखाली तीच लोंबती घडी. अण्णा शेवटच्या वर्षी असेच दिसत होते. मंडईत लिंबांचा गाळा चालवणारा तो धिप्पाड माणूस आजाराने वाळून गेला होता, आणि तेव्हा त्यांचं सगळं हिराने केलं होतं.

पुढचे तीन दिवस त्यांनी काढले कसे, त्यांचं त्यांना ठाऊक. सासऱ्यासमोर हिरा खुर्चीवर बसेना. सासऱ्याला ती वेणीला हात लावू देईना. अंघोळीचं नाव काढलं तर तिने आतून कडी लावून घेतली आणि शकूने दार बडवून उघडवलं. सर्वांत वाईट म्हणजे ती जेवेना. सासऱ्याच्या हातून घास घ्यायचा म्हणजे काय? मंगळवार, बुधवार, गुरुवार तीन दिवसांत मिळून तिच्या पोटात पाव लिटर दूध गेलं असेल. आठवण करून द्यायची सोय नव्हती. "मी रंगनाथ" म्हटलं की ती पदराआड लाजून हसायची. नवऱ्याचं नाव सासऱ्याने घेतलं, यात तिला काही वावगं वाटत नव्हतं.

"काका, आज नाही जेवल्या तर उद्या सलाइन लावायला न्यावं लागेल," शुक्रवारी शकू म्हणाली.

रंगनाथराव उठले आणि लक्ष्मी रस्त्याच्या मागच्या गल्लीतून दाट, कुरळ्या केसांचा टोप घेऊन आले. कपाटातून जुना निळ्या चौकटींचा शर्ट काढला. तो अंगावर झूल घातल्यासारखा दिसू लागला, म्हणून आत पोटाशी उशी बांधली. आरशात पाहून त्यांना स्वतःचीच लाज वाटली. पण गरजवंताला अक्कल नसते. ते तसेच हिरासमोर जाऊन उभे राहिले.

हिराने वर पाहिलं. आधी शर्टाकडे, मग केसांकडे, मग त्यांच्या तोंडाकडे. तिचा चेहरा उजळला, असं रंगनाथरावांना एक क्षण खरोखर वाटलं.

"मामंजी, यांचा शर्ट तुम्ही का घातलात?" तिने विचारलं.

रंगनाथरावांनी शर्टाआडची सरकती उशी हाताने दाबून धरली.

"हे गेले का?"

आणि उत्तराची वाट न बघता तिने कपाळावरची टिकली काढली. मग एक हात दुसऱ्या हाताच्या बांगड्यांवर गेला. ती रडत नव्हती, ओरडत नव्हती, शांतपणे एकेक बांगडी ओढून काढत होती. मनगट सोलवटून निघालं. शकू धावली आणि तिने दोन्ही हात धरले. "काकू, अहो काकू, काका आहेत, हे काय समोर," शकू म्हणत होती. हिरा तिच्याकडे दयेने बघत होती.

रंगनाथरावांनी टोप काढून फेकला. स्वतःच्या बायकोला स्वतःसाठी विधवा होताना पाहायची वेळ वैऱ्यावरही येऊ नये. त्यांना तिथे उभं राहवेना. ते पोटाशी बांधलेल्या उशीसकट दाराबाहेर पडले आणि जिन्याच्या पायरीवर बसले. समोर पाण्याच्या टाकीचा पंप घरघरत होता. त्यांनी घड्याळ पाहिलं. एक वाजायला दोन मिनिटं होती.

एक वाजता. डेपोत असताना तीस वर्षं रोज एक वाजता त्यांनी घरी फोन केला होता. हिरा उजव्या कानातलं काढायची, रिसीव्हर कानाला लावायची, आणि ते विचारायचे, "जेवलीस का?" मोबाईल तिला टीव्हीचा रिमोट वाटायचा, म्हणून हॉलमधला जुना फोन त्यांनी अजून बंद केला नव्हता.

त्यांनी खिशातून मोबाईल काढला. घंटी दाराआडून त्यांना स्वतःलाच ऐकू येत होती. सहा वेळा वाजली. मग थांबली.

"हॅलो," हिरा म्हणाली.

"हिरा, जेवलीस का?"

पलीकडून मोठा श्वास ऐकू आला.

"अहो. तुम्ही आहात?"

"आहे की. डेपोत आहे. साताऱ्याची गाडी लागलीये."

"मला वाटलं... मामंजींनी तुमचा शर्ट घातलाय."

"मीच दिला. त्यांचे भिजले होते."

"असं होय." तिचा आवाज सैल झाला. "फार वाळलेत हो ते. डोक्यावर केस राहिला नाही. चेहरा कसा झालाय, बघवत नाही. त्यांना कुणी खायला घालत नाही का?"

रंगनाथरावांनी तोंडावर हात दाबून धरला.

"तू घाल," ते कसेबसे म्हणाले. "आणि त्यांच्याबरोबर तूही जेव. ते देतील ते खा, लाजू नकोस. वडिलांसारखेच आहेत तुला."

"बरं. तुम्ही कधी येता?"

"येतो. उशीर होईल थोडा."

"या. पण तुम्ही असं वाळू नका हं. आहात तसेच या."

फोन ठेवल्याचा आवाज झाला. रंगनाथरावांनी उशी सोडली, डोळे पुसले आणि दार ढकललं. हिराच्या कपाळावर टिकली होती, किंचित वाकडी. टेबलावर तिने स्वतः तीन ताटं मांडली होती आणि शकू कडेला तोंडात पदर धरून उभी होती.

"मामंजी, बसा," हिरा म्हणाली. "यांचा फोन होता. तुम्हाला पोटभर वाढायला सांगितलंय."

ते बसले. तिने आमटीत भाकरी कुस्करून दिली. त्यांना भूक नव्हती. त्यांनी ताटातलं सगळं संपवलं आणि आणखी अर्धी भाकरी मागून घेतली. मग तिच्या ताटातला एक घास उचलून तिच्यापुढे धरला. तिने डोक्यावरचा पदर नीट केला, खाली मान घातली आणि तो खाल्ला.

तिसऱ्या ताटावर तिने दुसरं ताट झाकून ठेवलं, आमचे हे आले की गरम करून वाढायला.