पुसण्याचा धडा

माझ्या सुनेचं वागणं मला मुळीच पटत नव्हतं. नवरा जाऊन महिना झाला नाही तोच ही बया त्याच्या टेबलाशी ठाण मांडून बसली. डोळ्यांत टिपूस नाही. समोर काळाकुट्ट पडदा, त्यावर पांढरी अक्षरं. माझ्या लेकाला चित्रांवर बोट ठेवून चालणारं मशीन आवडायचं नाही. त्याचं ते युनिक्स का काय, त्याला प्रत्येक हुकूम लिहून द्यावा लागतो.

"काय गं शोधतेस एवढं?" मी एकदा डाफरलेच.

"त्यांनी चिमणीसाठी गोष्टी बोलून ठेवल्यात, आई. आजारपणात. कशा उघडायच्या ते उद्या दाखवतो म्हणाले, आणि..."

पुढचं मला ठाऊक होतं. चिमणी माझी नात, अजून नीट चालतही नाही. बापाचा आवाज तिला कुठून आठवणार?

मग मीही शेजारी खुर्ची ओढली. आधी तिने विटेएवढं पुस्तक आणलं, ते तिसऱ्या पानावरच मिटलं. मग व्हिडिओ. त्यातला माणूस मागे कुत्रं लागल्यासारखा बोलायचा. एका ठिकाणी ठळक लिहिलं होतं, नवशिक्यांसाठी.

"नवशिक्यांसाठी म्हणे! पाळण्यातल्या पोराला पळायला सांगतोय मेला," मी म्हणाले, तशी ती कितीतरी दिवसांनी हसली.

शेवटी कुणा निवृत्त मास्तरांचे धडे सापडले. मशीनमध्ये खोल्या असतात. आपण कुठल्या खोलीत उभे आहोत ते आधी विचारा, मग आत काय आहे ते बघा. माझ्यासारख्या चार बुकं शिकलेलीलाही कळावं असं.

अशीच एक दिवस तिला गोष्टींची खोली सापडली. तिने नावं वाचली: उंदराचं लग्न, ढगाची शाळा, आजीची काठी.

"मी कधी काठी धरली रे?" मी पडद्यालाच विचारलं. "उघड गं ती. ऐकू दे काय बोललाय माझ्याबद्दल."

"थांबा ना, आई. नक्कल करायचा धडा पुढे आहे. आधी एक नक्कल बाजूला ठेवते, मग उघडू. माझ्या हातून काही बिघडलं तर?"

मला ते पटलं. रोज सकाळी ती त्या खोलीत जायची, नावं वाचायची, मग धड्यांसाठी केलेल्या सरावाच्या खोलीत येऊन धडा गिरवायची. आमची ती पूजाच होती म्हणा.

त्या दिवशी नावं वाचून झाली आणि चिमणी पडली. सून धावली, तिला उगी करून परत येऊन बसली. धडा होता पुसण्याचा. खोलीतलं सगळं एका हुकमात कसं पुसावं. तिने तो हुकूम लिहिला. मशीन काही विचारत नाही, खरंच पुसू का म्हणून. गोष्टींच्या खोलीतून सरावाच्या खोलीत यायचं राहून गेलं होतं.

लेकाच्या ऑफिसातला मित्र दुपारभर मशीनशी झटत बसला. निघताना चहाही न घेता म्हणाला, "काकू, नाही मिळणार."

सून भिंतीला टेकून बसली होती. आता मात्र रडत होती, आवाज न करता.

"मी आता त्या मशीनला हात लावणार नाही, आई. विकून टाका ते. चिमणीला यातलं काही सांगू नका."

मी तिच्यासमोर खाली बसले. गुडघे कुरकुरले, पण बसले.

"ऐक. तू चुकलीस. मोठी चुकलीस, आणि 'असू दे' मी म्हणणार नाही, माझाही लेक होता तो. पण चिमणीला सगळं सांगायचं. बापाने तिच्यासाठी गोष्टी बोलून ठेवल्या होत्या, त्या जपायला शिकता शिकता आईच्या हातून गेल्या. हे तू सांगायचंस, मी नाही. आणि उद्या सकाळी त्याच खुर्चीवर बसायचं. नकलेचा धडा राहिलाय तुझा. तो सोडलास, तर मात्र मी तुला कधी माफ करणार नाही."