बस्त्यातले स्पीकर

कागलच्या चौगुल्यांच्या घरात लग्नाचा बस्ता बांधायची एक रीत आहे आणि ती मोडायची आजवर कुणाची छाती झालेली नाही. दुकानात कितीही ढीग पडू दे, नवरीसाठी काय घ्यायचं ते सासूच्या हातानं ठरतं. सासूनं एखाद्या वस्तूवर हात ठेवला की ती वस्तू नवरीची झाली. मग रंग जरा फिकट बघूया, दुसरा नग आहे का, असलं काही बोलायचं नाही. हात पडला, विषय संपला.

ही रीत वर्षाराणीला कळली ती महाद्वार रोडच्या कापडदुकानात, तीही शालूवर हात पडल्यानंतर. तिच्या मनात शालू होता जांभळा. होणारी सासू बयाबाई, अंगानं भारदस्त आणि आवाजानं त्याहून भारदस्त, दीड तास "अजून दाखवा" म्हणत गादीवर बसून राहिल्या आणि शेवटी त्यांचा हात पडला तो एका पोपटी शालूवर. पोपटी म्हणजे असा पोपटी, की वर्षाराणीला तो नेसून आपण मांडवात उभ्या राहिलो तर लोक पेरू आणून देतील असं वाटलं. तोंडात आलेला शब्द तिनं गिळला आणि हसली. दोन्हीकडच्या बायका म्हणाल्या, पोरगी गुणाची आहे.

शालूचं तिला एवढं दुःख नव्हतं. शालू एक दिवसाचा. तिला खरी धास्ती होती ती बाहेर जीपमध्ये ठेवलेल्या खोक्याची. कारण बस्त्यात अजून एक वस्तू घ्यायची राहिली होती, आणि ती होती वर्षाराणीच्या गिटारचे स्पीकर.

बस्त्यात स्पीकर आले कुठून, याला सर्वस्वी नवरदेव जबाबदार होता. वर्षाराणी एका ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायची. तिचा ॲम्प्लिफायर सेकंडहँड होता, पण स्पीकरचं खोकं तिच्या वडिलांनी, उद्यमनगरात लाकडी साचे करणाऱ्या आकारामनी, स्वतःच्या हातानं जोडलेलं होतं. आत बारा इंची दोन स्पीकर. त्यांतून तिची गिटार यायची ती जरा गरम, जरा खरखरीत, भरपूर गप्पा मारून बसलेल्या गळ्यासारखी. स्टेजवर दिवे गेले तरी गडहिंग्लजपासून वडगावपर्यंतची माणसं त्या आवाजावरून ओळखायची, की ही आकारामची पोरगी वाजवतीय. नवरदेव सम्राटनंही तिला पहिल्यांदा पाहिलं नव्हतं, ऐकलं होतं. ऑर्केस्ट्राच्या तंबूच्या मागं तो दुधाचे कॅन उतरवत होता आणि कॅन हातात धरून तसाच उभा राहिला, असं तो स्वतःच सगळ्यांना सांगायचा.

अशा या माणसानं साखरपुड्याच्या दिवशी काय करावं? वर्षाराणीच्या गिटारचा आवाज हॉलच्या मागच्या खुर्च्यांपर्यंत जात नाही, असं त्याच्या मित्रांना वाटलं. त्याला ते पटलं. आणि मिरवणुकीतल्या डॉल्बीची वायर त्यांनी प्रेमानं तिच्या खोक्याला जोडली. दोन मिनिटं सगळा हॉल नाचला. मग खोक्यातून फाटलेल्या सतरंजीसारखा आवाज आला, धूर आला आणि नाचणारे थांबले. दोन्ही स्पीकरचे कागदी पडदे फाटून लोंबत होते. सम्राटचं तोंड इतकं उतरलं, की त्याच्यावर रागवायचं सोडून वर्षाराणीच त्याला पाणी देत बसली.

तेव्हा बयाबाई पुढं आल्या होत्या आणि सगळ्यांसमोर त्यांनी निकाल दिला होता, की आमच्या कार्यात फुटलं तर आमच्याच बस्त्यात येणार. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. वर्षाराणीनंही वाजवल्या होत्या. हाताची रीत तेव्हा तिला ठाऊक नव्हती.

आता दोन जीपभर माणसं राजारामपुरीत पार्श्वनाथ यांच्या दुकानात शिरली. पार्श्वनाथ म्हणजे अर्ध्या जिल्ह्यातली मंडळं आणि बँडवाले ज्यांच्याकडून माल नेतात ते. आयुष्यभर गिऱ्हाईक सांभाळून त्यांना एकच गोष्ट पक्की कळली होती, की गिऱ्हाइकांच्या आपापसातल्या गोष्टीत दुकानदारानं मत द्यायचं नसतं. सतरा माणसं पाहून ते आधी दचकले. ही सगळी एका खोक्याचे स्पीकर निवडायला आलीत हे कळल्यावर आणखी दचकले. बयाबाईंनी "गादी कुठं हाय?" असं विचारलं तेव्हा मात्र त्यांनी गोदामातला मालाखाली अंथरायचा फोम आणून जमिनीवर पसरला. सगळे मांडी घालून बसले. चहा सांगितला गेला.

"दाखवा," बयाबाई म्हणाल्या.

पार्श्वनाथनी एक स्पीकर काढला, दोन काढले, चार काढले. बयाबाईंनी प्रत्येकाचा कागद चिमटीत धरून पोत बघितला. हा आटणार का, असं विचारलं. रंग धरून राहील ना, असंही विचारलं. एका काकूंनी स्पीकर उलटा करून मागची शिलाई शोधली. शेजारी सम्राटचे मामा जोतीराम प्रत्येक स्पीकर दोन्ही हातांनी उचलून वजन घेत होते. जड तो चांगला, अशी त्यांची साधी समजूत होती, आणि त्या समजुतीपायी त्यांनी वरच्या फळीवरचा अठरा इंची डॉल्बीचा स्पीकर खाली उतरवून घेतला होता. तो घमेल्याएवढा होता. मामांनी तो बयाबाईंच्या डाव्या अंगाला आणून ठेवला, तक्क्यासारखा.

वर्षाराणीनं फार हळू आवाजात सांगितलं, की खोक्यात बारा इंची बसतात. मामा म्हणाले, खोकं मोठं करूया, त्यात काय. आपल्या होणाऱ्या बायकोची बाजू घ्यायची म्हणून सम्राट घाईनं म्हणाला, की खोकं बदलायचं नाही, ते तिच्या वडिलांनी केलंय. मग थोडा विचार करून म्हणाला, की स्पीकर बाहेर वेगळा ठेवता येईल. वर्षाराणीनं डोळे मिटून घेतले. हसावं की रडावं कळेना, आणि हसू जास्त जवळ होतं.

शेवटी वाजवून बघायचं ठरलं. रिकामं खोकं, ॲम्प्लिफायर आणि गिटार जीपमधून आत आणले. पार्श्वनाथनी स्क्रू ड्रायव्हर घेऊन आधी चकचकीत जोडी बसवली. हिच्यातल्या प्रत्येक स्पीकरच्या मधोमध चांदीच्या वाटीसारखी गोल टोपी होती. वर्षाराणीनं गिटार गळ्यात अडकवली आणि तार छेडली. आवाज आला तो लग्नाच्या पंगतीत स्टीलच्या ताटांची चळत पडावी तसा. लख्ख, स्वच्छ, कानात जाऊन टोचणारा. गाण्याला किंवा भाषणाला तो स्पीकर उत्तम असेल, पण गिटारला नाही. तिची गिटार त्यातून दुसऱ्याच कुणाच्या तरी तोंडानं बोलत होती. फोमवरची मंडळी मात्र खूश झाली. काय लखलखीत आवाज आहे, एक काकू म्हणाल्या. बयाबाईंनी मान हलवली आणि हात उचलला. वर्षाराणीनं तारा तळव्यानं दाबून धरल्या. पण तो हात त्यांनी पदर सारखा करायला उचलला होता.

"अजून दाखवा."

मग पार्श्वनाथ आतून आणखी एक जोडी घेऊन आले. कुणीतरी गिटारसाठी म्हणून मागवलेली आणि न्यायची राहून गेलेली. दिसायला काहीच नाही. तपकिरी कागद, लहानसं मॅग्नेट, चमक नावाला नाही. मामांनी एक उचलून बघितला आणि निराश होऊन खाली ठेवला. जोडी खोक्यात बसली. वर्षाराणीनं सहज तीच तार छेडली.

आणि तिचा हात तारेवरच थांबला. तो आवाज आला होता. नवा होता, जरा आखडलेला होता, कोऱ्या चपलेसारखा वापरून मऊ व्हायचा होता, पण तोच होता. गरम, खरखरीत, तिचा. तिला एकदम इतका आनंद झाला, की तिनं दुकानात कोण कोण बसलंय याकडं न बघता डोळे मिटून वाजवायला सुरुवात केली. बोटं आपोआप पळायला लागली. सम्राटनं तोंड उघडं टाकलं. कॅन उतरवताना जसं झालं होतं तसंच त्याचं झालं.

डोळे उघडले तेव्हा चहा आला होता आणि फोमवर कप फिरत होते. मग मामा म्हणाले, बरं हाय, पण मळकट दिसतंय. काकूंचंही तेच मत पडलं. लग्नात ठेवायची वस्तू जरा उठून दिसायला हवी. चकचकीतच घ्यावी.

आता वर्षाराणीला बोलायची सोय नव्हती. बोललं तर रीत मोडली, आणि लग्नाआधीच पोरगी सासूच्या हातावर बोलली असं व्हायचं. नाही बोललं तर तो ताटांचा आवाज जन्मभर गळ्यात, कारण सासूनं हात ठेवलेली वस्तू बदलत नाहीत. मांडवात ती वाजवणार आणि लोक एकमेकांना विचारणार, ही कोण वाजवतीय? जांभळा शालू गेला तर गेला, पण हे गेलं तर तिचं तिच्याजवळ काय राहणार होतं? तोंडानं सांगता येत नाही तर गिटारनं सांगू, असं तिनं ठरवलं. आवाजाचं बटण थोडं वर सरकवलं. त्या घाईत ते थोडं न सरकता बरंच सरकलं. आणि तिनं सहाही तारांवर जीव खाऊन हात मारला.

दुकानातल्या काचा थरथरल्या. फळीवरचा एक माइक लोळत खाली आला. बाहेर रस्त्यावर एक स्कूटर थांबली. बयाबाई फोमवरून वीतभर उडाल्या, आणि खाली येताना त्यांनी आधारासाठी जे जवळ होतं ते धरलं.

जवळ होता अठरा इंची डॉल्बी.

मग जोतीराम मामा उठून उभे राहिले आणि त्यांनी दोन्ही हात वर केले. "हात पडला!"

"पडला की, पडला," सगळा फोम म्हणाला. एका काकूंनी पिशवीतून कुंकवाचा करंडा काढून त्या घमेल्याला कुंकू लावलंसुद्धा. पेढ्याचा पुडा सुटला. पार्श्वनाथच्या तोंडातही कुणीतरी पेढा घातला. सम्राट सांगायला गेला, की हे खरं नाही, आई दचकली, तर त्याच्याही तोंडात पेढा गेला आणि पुढचं कुणाला ऐकू आलं नाही. वर्षाराणी गिटार गळ्यात घेऊन उभी होती. तिला रडू येत होतं आणि कुंकू लावलेला तो स्पीकर बघून हसूही येत होतं, आणि दोन्ही मिळून तिच्या नाकातून एक भलताच आवाज आला.

तो बयाबाईंनी ऐकला. त्यांनी वर तिच्याकडं पाहिलं.

"थांबा रं," त्या म्हणाल्या. "कुठला हात पडला माझा?"

मामा म्हणाले, हा काय, अजून तिथंच आहे.

"हा डावा हाय की. बस्त्याला डावा हात कवापासून चालाय लागला?" बयाबाईंनी उजवा हात पुढं केला. त्या हातात चहाचा कप होता. एवढं सगळं झालं, माइक पडला, माणूस उडालं, पण कपातला थेंब सांडला नव्हता. "हा बघा उजवा. हा आत्तापतूर चहात गुतलाय. मी दचकलो म्हणून धरलं ते. त्याला काय हात पडला म्हणत्यात?"

ज्या काकूंनी कुंकू लावलं होतं त्या पदरानं ते पुसायला लागल्या, तर बयाबाई म्हणाल्या राहू दे, दुकानाला शोभतंय. तो स्पीकर पार्श्वनाथनी अजून तसाच, कुंकवासकट, दारात ठेवला आहे.

बयाबाईंनी कप सम्राटच्या हातात दिला. गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि खोक्याजवळ येऊन वर्षाराणीच्या समोर उभ्या राहिल्या. आवाज खाली आणणं त्यांना कधी जमलं नव्हतं, त्यामुळं पुढचं सगळ्या दुकानानं ऐकलं.

"शालूच्या टायमाला तुझं तोंड बघितलं मी. पन तवा हात ठेवून झालता, आणि तो उजवा हुता. त्याचं आता काय करता येत न्हाय, नेसावा लागणार तुला. पन शालू एक दिवस, हे रोज वाजणार माझ्या घरात." त्यांनी उजवा हात पदराला पुसला आणि वर्षाराणीपुढं धरला. "घे. आता सांग, कुठं ठेवू?"

वर्षाराणीनं तो जाड, गरम हात दोन्ही हातांत धरला, आणि खोक्यापाशी नेऊन त्या मळकट तपकिरी कागदावर अलगद टेकवला. मग आवाजाचं बटण नीट बघून खाली आणलं आणि एकच तार छेडली.

कागद थरथरला. बयाबाईंचे डोळे मोठे झाले. हातातली काकणं बारीक किणकिणायला लागली. "अगं बया," त्या म्हणाल्या, "ह्यो हातातनं कोपरापतूर चढतोय की." आणि त्या हसायला लागल्या, अंग गदगदेपर्यंत. त्यांचं बघून वर्षाराणी हसली, मग काकू, मग मामा, आणि शेवटी मत न देणारे पार्श्वनाथसुद्धा.

हात पडला होता, विषय संपला होता. आता हात काढून घ्यायला हरकत नव्हती. पण बयाबाईंनी तो काढला नाही.

"अजून वाजीव," त्या म्हणाल्या.