भागूचा सौदा

तेजस्विनीने तिन्ही फासे ओंजळीत खुळखुळवून सतरंजीवर टाकले. एक, एक आणि एक.

"बोलणं तीन!" तिचा आतेभाऊ बाळासाहेब मांडीवर थाप मारून हसला. "ताकद पाच, अक्कल सहा, त्यात ह्ये! टाकून दे हा गडी. ऋषीभाऊ, दुसरा घिऊ द्या तिला."

"न्हाई. ह्योच," ती म्हणाली आणि गड्याचं नाव भागू ठेवलं.

खोडदच्या रेडिओ दुर्बिणीवर नोकरीला लागलेल्या ऋषीने हा खेळ पुण्याच्या होस्टेलातून आणला होता. तीन फाशांच्या बेरजेने गड्याची ताकद, अक्कल, बोलणं असे गुण ठरवायचे, मग तोच गडी होऊन ऋषीच्या गोष्टीत शिरायचं. काही करायचं तर पुन्हा फासे. बेरीज त्या गुणाच्या आकड्यावर गेली की फसलात. गडी मेला की दिवाळीपर्यंत घरी बसा. म्हणजे ऋषीच्या ओट्यावरचे खेळाचे रविवार गेले, आणि रविवारांबरोबर ऋषीही. तेजस्विनीची जीभ एरवी कात्रीसारखी चाले. हे त्याला सांगायला मात्र रेटत नव्हती.

तिसऱ्याच रविवारी पुलावर राक्षस आडवा आला. बाळासाहेबाचा सतरा ताकदीचा पहिलवान थेट त्याच्या अंगावर धावला, फाशांवर नेमके तीन छक्के पडले आणि तो दरीत गेला.

"आता तू," ऋषी राक्षसाच्या आवाजात म्हणाला. "बोल, काय देतोस?"

बोलायचं तर पुन्हा तीन एक्के हवेत. ओट्यावर शेंगा फोडणारी ऋषीची घरमालकीण ठकूबाईसुद्धा थांबून बघू लागली.

तेजस्विनीने फासे खाली ठेवले. ओढणीचा पदर उजव्या हातावर टाकून तिने हात पुढे केला. तिचे वडील रखमाजी बेल्ह्याच्या बाजारात जन्मभर असेच बैलांचे सौदे करत आले होते. उपरण्याखाली एकमेकांची बोटं धरून भाव ठरवायचा. तोंडातून शब्द नाही, तिसऱ्याला पत्ता नाही.

"राक्षसाला ही बोटं कळत नाहीत," ऋषी हळूच म्हणाला.

"शिकंल."

त्याने हात ओढणीखाली घातला. कापड जरासं हललं. ऋषीचे कान लाल झाले.

"राक्षसाने वाट सोडली," तो म्हणाला.

"आवो पन दिलं काय त्येला?" बाळासाहेब कासावीस झाला.

"भागूला कुठं सांगता येतंय?" तेजस्विनी म्हणाली. "बोलणं तीन."

ठकूबाई गालात हसली. सूप बाजूला सारून ती चहा टाकायला उठली. सौदा पटला की चहा पाजायचीच रीत आहे. चहा आला तरी ओढणीखालचे हात सुटले नव्हते.