पुरुषांनी विचारावे, बायकांनी विचारावे

मित्रांनो, मी एक जुनी दिव्यांची पाटी आहे. माझ्या उजेडात कुणी कधी पुस्तक वाचलं नाही, की कुणाला अंधारात वाट सापडली नाही. माझ्याकडे बघून माणसं एकच गोष्ट ठरवत: आता उठायचं, की बसून राहायचं. हल्ली मी तुर्कूच्या बंदरावर एका गोदामात भिंतीला टेकून उभी असते. समोर मोडक्या खुर्च्यांचा ढीग आहे. त्यांना माझी गोष्ट पाठ झाली आहे, म्हणून तुम्हाला सांगते.

तुर्कूतल्याच एका सुताराने मला घडवलं. बर्चच्या लाकडी फळ्यांची लांबट पेटी केली आणि पुढे दोन काचा बसवल्या, एक निळी आणि एक पिवळी. निळीवर लिहिलं, 'पुरुषांनी विचारावे'. पिवळीवर लिहिलं, 'बायकांनी विचारावे'. आत दिवे, आणि ते बदलायला नाचाची गाणी वाजवणाऱ्याच्या पायाशी एक खटका. माझी सारी शरीरसंपदा ती एवढीच.

आमची फिनलंडची माणसं मनाने चांगली, पण मुखदुर्बळ. बाहेर पडायचं असलं तर शेजारी जिन्यावरून खाली गेल्याची खात्री करतील आणि मगच दार उघडतील, उगाच बोलावं लागायला नको. अशा माणसांना नाचाची मात्र भारी हौस! घोडं अडायचं ते 'माझ्याबरोबर नाचाल का' एवढं विचारण्यापाशी. म्हणून नाचघरांतून माझ्यासारख्या पाट्या टांगायची पद्धत पडली. निळा दिवा लागला की पुरुषांनी उठायचं, पिवळा लागला की बायकांनी. कुणी विचारलं तर नाही म्हणायचं नाही. दोन गाणी बरोबर नाचायचं, मग बाईला तिच्या खुर्चीपर्यंत पोचवून आभार मानायचे. दुसऱ्याच्या दिव्यात उठणं म्हणजे असभ्यपणा.

माझ्या नशिबी जमिनीवरचं नाचघर नव्हतं, बोट होती. ती संध्याकाळी तुर्कूहून निघायची, सकाळी स्टॉकहोमला लागायची आणि तशीच माघारी फिरायची. लोक म्हणायला स्वीडनला जात, पण निम्मे तिथे उतरतही नसत. बोटीवरची स्वस्त कॉफी आणि चॉकलेटं पिशव्या भरभरून घ्यायची, माशाचं सूप प्यायचं आणि मौज करायची, एवढ्यासाठीच यायचे. खालच्या मजल्यावर जुगाराची चाकं फिरत. एक जादूगार रोज त्याच टोपीतून तेच कबुतर काढी. तरुण पोरं कानठळ्या बसतील अशा गाण्यांवर उड्या मारत. वरच्या मजल्यावरच्या दिवाणखान्यात मी होते, अकॉर्डियन होतं आणि टँगो नाचणारी वयस्क मंडळी होती. बेटं मागे पडून मोकळा समुद्र लागला की बोट कलायची, आणि सगळी जोडपी नाचता नाचता बारच्या बाजूला घसरायची. तेव्हा मात्र आमची गंभीर माणसं पोट धरधरून हसत.

मला तेव्हा मोठा मान होता. अकॉर्डियन वाजवणारा रेइनो रोज वाजवायला बसण्याआधी रुमालाने माझ्या काचा पुसायचा. "काय बाईसाहेब, आज किती जणांची लग्नं जुळवणार?" असं विचारायचा. मी फुलून जायचे. मला वाटायचं, खरंच मीच जुळवते.

माझ्या अगदी खालच्या टेबलाशी दोघी बहिणी बसत. थोरली हिल्का, राउमा गावच्या शाळेत मुलांसाठी स्वयंपाक करणारी विधवा बाई. धाकटी केर्तू. ती नाचायची नाही. कॉफीसाठी म्हणून यायची आणि लोकरीचे मोजे विणत बसायची. समोरच्या खांबापाशी ताउनो बसे. त्याचा जन्म लाकडाच्या वखारीत गेलेला, लग्न झालेलं नाही. डाव्या हाताची दोन बोटं करवतीत गेली होती. नाचताना बाईचा हात धरायचा तो नेमका डाव्या हातात. त्यामुळे निळा दिवा लागला की ताउनो खाली मान घालून आपल्या बुटांकडे बघत बसे.

पिवळा लागला की हिल्का सरळ उठून त्याच्याकडे जाई. त्याचा तो तीन बोटांचा हात आपल्या हातात घट्ट धरी. नाचताना ताउनो इतका मोकळा दिसायचा, की हा तोच माणूस का, असं मला वाटे. दोन गाणी झाली की तो तिला खुर्चीपर्यंत आणायचा, आभार मानायचा आणि खांबाकडे परतायचा. दोन हिवाळे असेच गेले.

मग एका शरद ऋतूत, वारा सुटलेल्या संध्याकाळी, हिल्का बहिणीला म्हणाली, "आज मी उठणार नाही."

"का गं? गुडघा दुखतोय?"

"गुडघ्याला काय धाड भरलीय! दर वेळी मीच का म्हणून? एकदा तरी त्यानं यावं. आपण होऊन. आला ना, तर मी त्याला घरीच राहायला बोलावणार आहे. स्वयंपाकघर मोठं आहे, एकटीनं जेवून कंटाळा आला."

केर्तूच्या सुया थांबल्या. "अगं, तो मेला तरी उठायचा नाही."

"नाही उठला तर नाही. पण मला कळू तर दे, मी त्याला हवी आहे की नुसता नकार देता येत नाही म्हणून नाचतो."

हे फक्त मी आणि केर्तूने ऐकलं. पण ताउनोच्या मनातही त्या दिवशी काहीतरी चाललं होतं. त्याने नवा टाय बांधला होता. तळवे सारखे पँटला पुसत होता. निळा दिवा लागला, पहिली दोन गाणी गेली, आणखी दोन गेली. हिल्का टेबलावरच्या डागाकडे बघत बसली होती. कुणी विचारलं की नियमाप्रमाणे उठत होती आणि दोन गाणी संपवून परत येत होती.

आणि ताउनो उठला!

मित्रांनो, मला तोंड असतं तर मी ओरडले असते. डावा हात थोडासा पुढे धरून तो निघाला. चेहरा पांढराफटक पडलेला. बोट कलली, तो थबकला, पुन्हा चालू लागला. हिल्काने वर पाहिलं. तिला तो दिसला. तिने हळूच केस सारखे केले.

त्याच क्षणी रेइनोची नजरही हिल्कावर गेली. त्याची पाठ ताउनोकडे होती. बिचारी संध्याकाळभर पिवळ्या दिव्यासाठी ताटकळली आहे, असं त्याला वाटलं. रेइनो फार भला माणूस. पुढचं गाणं सुरू करायच्या आत त्याने बुटाच्या टोकाने खटका दाबला.

माझी निळी काच विझली आणि पिवळी लागली.

नाचाच्या जागेवर आलेले सगळे पुरुष रिवाजाप्रमाणे मागे फिरले. ताउनो अर्ध्या वाटेवर उभा राहिला. त्याने माझ्याकडे पाहिलं, हात मागे घेतला आणि खांबाकडे वळला. खुर्चीवर बसून त्याने टाय सरळ केला. आता हिल्का येईल, नेहमीसारखी, अशी त्याची पक्की खात्री होती.

"बघितलंस?" हिल्का म्हणाली. "वळला."

"अगं, दिवा बदलला ना! त्यात त्याची काय चूक? जा आता, तुझाच दिवा आहे."

"दिवा बदलला म्हणून माणूस वळतो का, केर्तू?"

ती उठली, पण ताउनोकडे गेली नाही. पिशवी उचलून खोलीकडे निघून गेली. ताउनो तिच्या पाठीकडे बघत राहिला. त्याला वाटलं, आपण हात पुढे केलेला तिने पाहिला आणि तिला तो नकोसा झाला. दोघंही चुकीचं समजून बसली, आणि मी दोघांच्या मध्ये लख्ख पिवळी पेटलेली होते. त्या गाण्याइतकं लांब गाणं मी दुसरं ऐकलं नाही.

त्या हिवाळ्यात हिल्का पुन्हा आली नाही. ताउनो मात्र येत राहिला. शेवटी एकदा त्याने धीर करून रेइनोला विचारलं, "ती राउमाची बाई... येत नाही का हल्ली?"

"नाही बुवा. पण तू तरी उठून कुणाला विचारशील की नाही? किती दिवस खांबाला टेकू देत बसणार?"

"उठलो होतो एकदा," ताउनो म्हणाला. "तू दिवा बदललास."

रेइनोच्या हातातलं अकॉर्डियन तसंच राहिलं. त्यानंतर ताउनो असला की रेइनो संध्याकाळभर निळाच दिवा ठेवी. बायका कुरकुरत, "आम्ही काय नुसतं बसायला आलो?" तो ऐकून न ऐकल्यासारखं करी. पण ज्या खुर्चीसाठी हे चाललं होतं ती खुर्ची रिकामीच होती.

पुढच्या शरद ऋतूत केर्तू आली, एकटी. आपल्या जागी बसली, पण विणकाम काढलं नाही. ताउनो स्वतःच तिच्यापाशी आला.

"बहीण नाही आली?"

"हिल्का मार्चमध्ये गेली," केर्तू म्हणाली. "कपडे वाळत घालत होती. तिथेच बसली, ती उठलीच नाही."

ताउनोने शेजारच्या रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. मग म्हणाला, "माझ्यावर रागावली होती का?"

"चार दिवस होती. मग स्वतःवरच चिडली. म्हणाली, वेडी मी, उन्हाळ्यात जाऊ आणि मी सरळ त्याच्यासमोर जाऊन उभी राहते, दिवा कुठलाही असो." केर्तूने कॉफीचा कप बाजूला सारला. "स्वयंपाकघरात दुसरी खुर्चीसुद्धा आणून ठेवली होती तिनं."

रेइनोने एक जुना टँगो सुरू केला. माझी निळी काच पेटलेली होती. ताउनोने पाठ ताठ केली, केर्तूसमोर वाकला आणि तो तीन बोटांचा हात पुढे केला.

"माझ्याबरोबर नाचाल का?"

"मला नाचता येत नाही हो."

"मलाही विचारता येत नव्हतं."

केर्तू उठली. दोघं नाचली कसली, जागच्या जागी डुलत उभी राहिली. बोट कलली तेव्हा एकमेकांना धरून सावरली. आयुष्यात पहिल्यांदा ताउनोने कुणाला तरी नाचायला विचारलं होतं, आणि ती हिल्का नव्हती. दोन गाणी संपली. त्याने केर्तूला खुर्चीपर्यंत पोचवलं, आभार मानले, आणि खांबाकडे न जाता तो बाहेर डेकवर निघून गेला. नंतर तो कधी आला नाही.

पुढे बोट विकली गेली. दिवाणखान्यात गाण्याचे शब्द दाखवणारे मोठाले पडदे लागले, तिथे माणसं उभं राहून एकेकटी गाऊ लागली. मला काढून इथे आणलं. माझी पिवळी काच तडकली आहे.

माझ्या जातीच्या जुन्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला पुसा, जपा, पुन्हा भिंतीवर टांगा. मी तसं म्हणणार नाही. मित्रांनो, माझी एकच विनवणी आहे. कुणाकडे तरी जायला म्हणून तुम्ही उठलात, आणि अर्ध्या वाटेवर माझ्यासारख्या एखाद्या पाटीचा दिवा बदलला, तर वर बघू नका. तसेच पुढे जा. समोरचं माणूस केस सारखे करत बसलेलं असतं.