तिघींतली एक

गंगाबाईंचा आवाज असा, की बन्नीमंटपाजवळच्या आपल्या गल्लीत उभं राहून त्यांनी कोथिंबिरीचा भाव विचारला, तर चामुंडीच्या डोंगरावरचा दगडी नंदी कान हलवतो. ज्याचा विश्वास बसत नसेल त्याने वर चढून बघावं. पायऱ्या हजार आहेत आणि कोणी अडवत नाही. हा आवाज आयुष्यात एकदाच पार बसला. जयलक्ष्मीपुरमला डॉक्टर विशालाक्षींच्या खोलीत. सून तुळसी शेजारच्या खुर्चीवर होती, तिला तिसरा महिना लागला होता, आणि गंगाबाईंनी विचारलं, "पुन्हा होईल का, डॉक्टरम्मा?"

काय पुन्हा होईल, हे त्या खोलीत कोणाला सांगावं लागलं नाही. तीन वर्षांपूर्वी, पहिल्या खेपेला, सातव्या महिन्यात तुळसीला हिरवा चुडा भरला होता. घराची रीत अशी, की तो बाळंतपण होईतो हातातून उतरवायचा नाही. पंधरा दिवसांत बांगड्या मनगटात रुतल्या. गंगाबाई हरखल्या. "नोडी, बघा, सुनेचा हात कसा भरलाय!" असं त्यांनी चार घरी जाऊन सांगितलं, म्हणजे चाळीस घरांनी ऐकलं. हात भरला होता तो सुजेने. तिसऱ्या दिवशी तुळसीच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले, मग झटके आले. दवाखान्यात नर्सने पक्कड घेऊन बांगड्या फोडल्या, तेव्हा कुठे सुईला जागा मिळाली. एकतिसाव्या आठवड्यात मुलगा झाला. चार दिवस राहिला. त्या फुटक्या काचा गंगाबाईंनी पदरात गोळा करून आणल्या होत्या. कपाटातल्या डब्यात त्या अजून होत्या.

"होऊ शकतं," डॉक्टर विशालाक्षी म्हणाल्या. "एकदा झालेल्या सगळ्या जणी धरल्या तर सहांत साधारण एकीला पुन्हा होतं. तुळसीला मात्र फार लवकर झालं होतं. अशांमध्ये तिघींत एकीला."

"आणि ती एक कोण, ते आधी कळतं?"

"नाही, अम्मा. नक्की नाही कळत."

"मग उरलेल्या दोघींना होत नाही ना?" हे खंडोजीराव, गंगाबाईंचे यजमान. बोलावलं नसताना आले होते आणि दाराशी उभे होते. "आपण दोघींत बसू की! जागा जास्त आहे."

"तुम्ही गप्प बसा. बसमधली सीट आहे का ती?"

डॉक्टरांनी हसू आवरलं आणि कागदावर चित्र काढलं. पहिल्या महिन्यांत वार, बाळाला नाळेतून पोसणारी, गर्भाशयात मुळं रोवते. तिथल्या रक्तवाहिन्या अरुंद असतात, त्या तिला रुंद करून घ्याव्या लागतात, कारण पुढे बाळाला रक्त हवं असतं, आणि ते भरपूर. रुंद झाल्या नाहीत तर पुढे सगळं बिघडत जातं आणि आईचं बीपी चढतं.

गंगाबाईंचं माहेर कृष्णराजनगरचं. कावेरीचा कालवा, त्यातून फुटलेले पाट, पाटांवर हिरवंगार भात, हे त्यांनी चालायला लागण्याआधी पाहिलेलं. त्या कागदाकडे बघतच राहिल्या. घरी आपण ओकाऱ्या मोजत होतो, आंबट-गोड विचारत होतो, आणि त्याच वेळी या पोरीच्या पोटात, ना कुदळ ना मुकादम, कालवे खोदायचं काम चाललं होतं? आणि कोणाला आवाजही आला नाही?

"कोण शिकवतं वारेला?" त्यांनी हळूच विचारलं.

"ते आम्हीही अजून शोधतोच आहोत," डॉक्टर म्हणाल्या. गंगाबाईंना हे उत्तर फार मोठं वाटलं. इतकी शिकलेली बाई 'माहीत नाही' म्हणते, म्हणजे गोष्ट देवाच्या जवळपासची असणार.

मग डॉक्टरांनी ऍस्पिरिनची छोटी गोळी लिहून दिली. रोज एक, बाराव्या आठवड्यापासून. तिने धोका कमी होतो, संपत नाही. शिवाय घरी मशीन घ्यायचं आणि सकाळ-संध्याकाळ बीपी मोजायचं. "आणि अम्मा, सूज आली नाही तरी मोजायचं. बांगडी बघू नका, आकडा बघा."

गंगाबाईंनी मान हलवली. पण मान हलवणं वेगळं आणि मानणं वेगळं.

मुलाने, बिंदुमाधवाने, मशीन आणलं. सातव्या महिन्यात चुडा भरला, दोन बोटं ढिला. त्या दिवसापासून गंगाबाई उठल्या की आधी सुनेच्या मनगटावरची बांगडी फिरवून बघायच्या. गर्रकन फिरली की जीव भांड्यात पडायचा. मशीनचा आकडा त्या ऐकायच्या, पण शेजारणीचं कौतुक ऐकावं तसा. एकतिसावा आठवडा गेला, त्या दिवशी खंडोजीरावांनी दोनदा जेवून घेतलं. बत्तीस, चौतीस, छत्तीस. बांगडी फिरत होती.

सदतिसाव्यात दसरा आला. आयुधपूजेला म्हैसुरात कोणाचंच हत्यार काम करत नाही. गंगाबाईंच्या सासऱ्यांचं कापडावर छापे उमटवायचं काम बंद होऊन तीस वर्षं झाली, तरी त्यांचे सागवानी ठसे माळ्यावरून खाली येतात, पाटावर बसतात, हळद-कुंकू लावून घेतात. शेजारी विळी, मिक्सर, बिंदुमाधवाचा लॅपटॉप. त्या वर्षी गंगाबाईंनी बीपीचं मशीनही पाटावर ठेवलं. त्याच्या पडद्यावर कुंकवाचा टिळा लावला, पट्ट्याला झेंडूची माळ घातली.

"आत्याबाई, संध्याकाळचं मोजायचंय," तुळसी म्हणाली. "डोकं जरा जड आहे."

"उदबत्तीचा धूर आहे तो. पूजेला बसलेलं उचलायचं नसतं गं. उद्या दशमीला उत्तरपूजा झाली की पहिलं तुझंच. आण हात." बांगडी गर्रकन फिरली. "बघ!"

दुसऱ्या दिवशी साडेअकराला उत्तरपूजा झाली आणि मशीन उठलं. पट्टा फुगला, सुटला. एकशे अठ्ठावन्न. एकशे दोन.

"कुंकू गेलं आत," गंगाबाई म्हणाल्या. पदराने पुसलं, पुन्हा लावलं. एकशे छप्पन्न, एकशे दोन. "बिघडलंय. ही बांगडी बघा ना, फिरतेय!"

"तुझं लाव आधी," खंडोजीराव म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या आवाजात चेष्टा नव्हती.

गंगाबाईंनी स्वतःला लावलं: एकशे सव्वीस, ऐंशी. रोजचंच. खंडोजीरावांना, बिंदुमाधवाला: रोजचंच. दूध घालायला आलेली पुष्पावती दारातच सापडली. तिचाही हात धरला. "अय्यो, काय गं अम्मा, मी कुठे गरोदर आहे?" एकशे अठरा, शहात्तर. गल्लीतून गाय जात होती, ती थोडक्यात वाचली.

चार जणांशी मशीन खरं बोलत होतं. म्हणजे तुळसीशीही खरंच बोलत होतं, आणि खोटी होती ती बांगडी. सासऱ्यांचा कापडं रंगवायचा हंडा डोळ्यांपुढे आला. एकच हंडा, एकच पाणी, एकच हात. तीन कापडं बुडवली तरी एकावर डाग उठायचा. सासरे म्हणायचे, कुठल्या कापडावर उठेल ते हंड्यालाही ठाऊक नसतं. तिघींतली ती एक त्यांच्याच घरात, झेंडूच्या माळेखाली, काल संध्याकाळपासून बसली होती आणि त्यांनी तिला पूजेसाठी थांबवून ठेवलं होतं.

"पिशवी घ्या," त्या म्हणाल्या. "चला."

पण घर दसऱ्याच्या मिरवणुकीच्या रस्त्याच्या अल्याड, दवाखाना पल्याड. दोर बांधलेले, माणसांच्या भिंती, पोलीस. हवालदाराने रिक्षा अडवली. गंगाबाई खाली उतरल्या, कुंकू लागलेलं मशीन त्याच्या नाकासमोर धरलं आणि नंदीचे कान हलवणारा आवाज सोडला, "एकशे अठ्ठावन्न! सून आहे माझी! पहिला गेला, हा जायचा नाही!"

दोर सुटला. पुढचं गंगाबाई आजही शपथेवर सांगतात: अंबारीचा हत्ती समोर होता, त्याने रिक्षाकडे बघितलं, एक पाय उचललेला तसाच धरला आणि तुळसी पार होईतो खाली ठेवला नाही. हत्ती त्या वेळी राजवाड्याच्या आवारातून निघालाही नव्हता, असं बिंदुमाधव म्हणतो. पण तो रिक्षात डोळे मिटून बसला होता, त्यामुळे त्याची साक्ष धरता येत नाही.

"पुन्हा झालंय," डॉक्टर विशालाक्षींनी तपासून सांगितलं. लघवीतही प्रोटीन उतरलं होतं. "पण या वेळी सदतिसाव्यात. पुन्हा होतं तेव्हा बहुतेक वेळा उशिरा येतं, थोडं सौम्य येतं. आता थांबायचं नाही. बाळ तयार आहे."

झटके येऊ नयेत म्हणून इंजेक्शन दिलं, कळा आणल्या. तिकडे बन्नीमंटपावर रात्रीच्या कवायतीत मशाली नाचून विझल्या, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगी झाली. अडीच किलो. रडली ती अशी, की आजीचा आवाज कोणाकडे गेला हे सगळ्यांना कळलं.

गंगाबाईंनी नात पाहिली, तुळसीच्या कपाळावर हात ठेवला, आणि मग एक विचित्र मागणी केली, "मला वार बघायचीय."

डॉक्टरांनी ट्रेमध्ये दाखवली. मधोमध नाळेचा बुंधा, आणि त्यातून चहूकडे फुटत गेलेल्या निळ्या-जांभळ्या फांद्या, फांद्यांना डहाळ्या. गंगाबाईंनी हात जोडले. सासऱ्यांच्या ठशांत एक झाडाचा ठसा होता, सगळ्यात जुना, त्यांच्याही आजोबांनी कोरलेला. हेच झाड. हीच फांदी डावीकडे वळलेली. बायकांच्या पोटात कधी न डोकावता ज्याने ते कोरलं, त्याला कोणी दाखवलं होतं?

"हिच्या वाटा नीट रुंद झाल्या नसतील," डॉक्टर म्हणाल्या. "तरी हिने नऊ महिने जमेल तसं पोसलं."

"दमली असेल बिचारी," गंगाबाई म्हणाल्या. नर्सने तोंडावर हात धरला. गंगाबाई हसत नव्हत्या.

बाळ झालं म्हणून आकडा लगेच शहाणा होत नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. घरी आल्यावर मोजायचं काम गंगाबाईंनी स्वतःकडे घेतलं. बांगडीला हात लावला नाही.

"आता तिसऱ्या वेळी कितींत एक?" खंडोजीरावांनी विचारलं.

"मामंजी!" तुळसीने आतून बाळाची उशी फेकली. नेम चांगला होता.

बाराव्या दिवशी आकडा एकशे वीसवर आला. तेव्हा गंगाबाईंनी खंडोजीरावांचं जुनं, मऊ धोतर फाडून तीन तुकडे केले, कारण तान्ह्या बाळाला नवं कापड घालायचं नसतं. झाडाचा ठसा काढला, तीस वर्षांनी रंग कालवला आणि तीन झाडं उमटवली. दोन नितळ आली. तिसऱ्याच्या डाव्या फांदीवर डाग उठला.

तीनही कापडं धुऊन दोरीवर वाळली. गंगाबाईंनी डागाचं ओढून घेतलं आणि नातीला त्यातच गुंडाळलं.